जांभळा मामा गिळत नाही

माझ्या मामाला सगळे जांभळा म्हणत. दात जांभळे, ओठ जांभळे, नखांच्या कडासुद्धा जांभळ्या. डोंगरावरच्या वाइनच्या कारखान्याच्या तळघरात तो चव बघणारा गडी होता. आमच्याकडे दिवसा टाळकं तापवणारं ऊन आणि रात्री गोधडीतही दात वाजवणारी थंडी. असल्या हवेत द्राक्षाची साल म्हशीच्या कातड्यासारखी जाड होते आणि वाइनला काळाकुट्ट रंग चढतो. त्या रंगात मामाचं निम्मं आयुष्य गेलं, पण घोट म्हणून त्यानं गिळला नाही. तोंडात घ्यायचं, गालांत खुळखुळवायचं आणि कोपऱ्यातल्या मोरीत पिचकारी मारायची. नेम असा पक्का, की मधे उभ्या माणसाच्या चपलेवर शिंतोडा पडत नसे.

मामीला हे काही केल्या पटेना.

"तोंडाला वास, दातांना रंग, आणि म्हणे पीत नाही. मी काय दुधखुळी आहे?"

"अगं, थुंकतो मी."

"लोक पैसे मोजून पितात आणि तुम्ही फुकटची थुंकता. सांगताय कुणाला!"

एका सकाळी तिनं कपडेच बांधायला घेतले. तळघरातलं काम सोडा, नाहीतर मी भावाकडे चालले. मामाला दुसरं काम येत नव्हतं, आणि मामीवाचून घरात साखर कुठं असते हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "एकदा येऊन बघ. मी गिळताना दिसलो, तर आजच काम सोडतो."

मामी आली. मी तिथंच पिंपं धुवायला होतो. मामा शिडीवर चढून टाकीत तरंगणारी सालं दांड्यानं खाली दाबत होता. मामी खालून डोळे वटारून त्याच्या घशाकडे बघत होती.

तेवढ्यात कारखान्याच्या मालकीणबाई आल्या. "वहिनी, पहिल्यांदाच आलात. तुम्हीही चव घ्या की."

मामानं खालच्या उतारावरच्या द्राक्षांची वाइन काढली. स्वतः खुळखुळवून थुंकला. मालकीणबाईंनी मामीपुढे थुंकायला बादली सरकवली. आता पाहुणी म्हणून आलेली बाई यजमानणीनं दिलेलं तिच्यासमोर थुंकेल कशी? मामीनं गिळलं. मग मधल्या उतारावरची आली. तीही गिळली. मामा खुणा करून बेजार.

"डोळे काय मिचकावताय चारचौघांत?" मामी म्हणाली आणि वरच्या उतारावरचा पेला रिकामा केला.

मामानं पुन्हा पिचकारी मारली. मामी बघतच राहिली.

"अहो, खरंच थुंकता की हो तुम्ही. इतकं चांगलं, आणि थुंकता? काही लाज?"

घरी नेताना एका बाजूनं मामा, दुसऱ्या बाजूनं मी. वाटेतल्या प्रत्येक कुंपणाला मामी ख्यालीखुशाली विचारत होती. दारात तिची आई उभी, सकाळचं भांडण आणि मामाचा शब्द कानावर गेल्यामुळे आलेली. या म्हातारीचं नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं.

"कुणाच्या तोंडाला वास येतोय?"

मामानं मामीकडे पाहिलं. ती चौकट धरून उचक्या देत होती.

"माझ्या," मामा म्हणाला.

"मग बोलल्याप्रमाणे सोडा काम."

मामी चौकट सोडून सरळ उभी राहायला गेली आणि पुन्हा चौकटीवर आली.

"काम कशाला सोडायचं? थुंकतात गं ते, आई. मी या डोळ्यांनी बघितलं."

"मग हा वास कुठला?"

मामीनं जरा विचार केला.

"वरच्या उतारावरचा," ती म्हणाली. "खालचा फार गोड होता."

म्हातारी कपाळाला हात लावून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मामा वेळेवर कामावर आला. मामी डोकं बांधून झोपली होती, त्यामुळे डबा नव्हता. माझ्या डब्यातला अर्धा त्यानं खाल्ला, आणि तो मात्र गिळला.