काकूंचा ट्राउट

इकडे परदेशात, नोव्हाय गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू मासे खात नाहीत, पण उन्हाळाभर शनिवारी उत्तरेकडच्या नदीवर ट्राउट पकडायला जातात आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडतात. हायवेची त्यांना भीती वाटते, म्हणून मी ड्राइव्ह करतो. गाडीत त्यांची बडबड अखंड चालते. पाण्यात उतरल्या की मात्र आवाज बंद. गळाला बांधलेली पिसांची नकली माशी त्या पाण्यावर अलगद तरंगत सोडतात. ती बुडली, की स्वतःलाच "अगं, हळू!" म्हणतात.

गेल्या वर्षी एक मोठा ट्राउट त्यांना सारखा हुलकावणी देत होता. वर यायचा, माशी बघायचा आणि खाली जायचा. "आज मूड नाही त्याचा," म्हणून काकू हसायच्या, पण परतताना गाडीत गप्प असायच्या.

उन्हाळा सरताना, सप्टेंबरातल्या एका सकाळी त्याने माशी गिळली. काठी वाकली, दोरी ताणली गेली, आणि मासा बुडालेल्या ओंडक्याखाली घुसून अडकला.

"काकू, ओढा! नाहीतर जाईल!" मी ओरडलो.

त्यांनी ओढलं नाही. काठी माझ्या हातात दिली, कमरेएवढ्या गार पाण्यात शिरल्या आणि वाकून ओंडक्याखाली चाचपडत राहिल्या. एकदम पाणी उसळलं आणि दोरी सैल पडली.

मुठीत माशी घेऊन त्या कुडकुडत काठाशी आल्या. मलाच वाईट वाटलं. "सुटला हो, काकू."

"पण पोहत गेला ना? नीट पाहिलंस?"

"हो, चांगला पोहत गेला."

तेव्हा कुठे त्या मटकन खाली बसल्या, दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "केवढा होता रे!"