पायांवरचं पाणी

आज दुखऱ्या गुडघ्याला मोहाचं कोमट तेल चोळलं आणि त्या वासानं मला गोंदियाच्या माहेरचा भाडेकरू आठवला. फाळणीत त्याचं गाव सरहद्दीपलीकडे, ढाक्याकडे राहिलं होतं, आणि रेल्वेनं त्याला फुटबॉल खेळण्यासाठीच नोकरीवर घेतलं होतं. एका पावसाळ्यात त्याचा गुडघा सुजला, म्हणून आई त्याला हेच तेल द्यायची. "लाथा मारून पोट भरते हा मानूस, पाय गेला त काय खाईल?" असं म्हणून शेजारीण हसायची. तो अनवाणी खेळायचा आणि घोट्यापर्यंत चिखल घेऊन परतायचा. मग दारात मी मान खाली घालून तांब्यानं त्याच्या पायांवर पाणी ओतायची. मोठ्या सामन्याच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत पाऊस होता, पण संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या पायांना चिखल नव्हता, गुडघ्याची पट्टीही कोरडीच होती. त्याला खेळवलंच नव्हतं. "जितले का, बाबू?" आईनं चुलीपासून विचारलं. "हाँ माँजी, जीत गए," म्हणत त्यानं रोजच्यासारखे पाय पुढे केले. मी ओतलेलं पाणी नितळच वाहून गेलं, तरी तो पाय चोळत राहिला. "पोरी, आनखी पानी आन त्याले," आई म्हणाली. मी आणलं आणि सगळं ओतलं. महिन्याभरात त्याची नोकरी गेली, तो कुठे गेला कुणालाच कळलं नाही. हल्ली मी मुलाकडे राहते, दिवसभर घरात एकटीच असते. तो कामावरून आला की विचारतो, "आई, करमते ना तुले इथं?" मी म्हणते, "हो बाबा, करमते."