फुली पुसलेले घर

पोलिओच्या रविवारी मी घराबाहेर पडत नाही. अमरावतीच्या आमच्या वसाहतीत मंदिरासमोर लसीकरणाचे टेबल लागते. शेजारची सून दरवेळी हाक मारते, "काका, तुमचंच खातं होतं ना, चाला की पोरांसोबत." मी गुडघ्याचे कारण सांगतो. गुडघे ठीक आहेत.

नोकरीची शेवटची अकरा वर्षे मी अकोला जिल्ह्यात आरोग्य पर्यवेक्षक होतो. पोलिओ जगातून हद्दपार करण्याची योजना कुठेतरी दूर ठरत असे. आमच्याकडे ती पोहोचे तेव्हा तिचा हाताने काढलेला नकाशा झालेला असे. बाळापूर तालुक्यातील गल्ल्या, वीटभट्ट्या, पुलाच्या कामावरची पाले, शेतातील एकटी घरे, सारे त्यात होते. मी ते पायी फिरून काढले होते. माझ्या नकाशाबाहेर एकही चूल नाही, असे मी बैठकीत सांगत असे. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

रीत अशी होती. रविवारी केंद्रावर डोस द्यायचा. पुढचे काही दिवस घरोघर जायचे. घरातील पाच वर्षांखालील सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर दारावर खडूने ‘पी’ लिहायचा. घर बंद असेल किंवा एखादे मूल राहिले असेल तर फुली मारायची. फुलीच्या घरी पुन्हा जायचे, डोस द्यायचा आणि मगच फुली पुसायची. हा क्रम मी स्वतः प्रत्येक प्रशिक्षणात शिकवला.

एका पोलिओ फेरीच्या शेवटच्या दिवशी माझ्याकडे एकच फुली उरली. मन नदीकाठच्या एका गावात माळ्याचे घर होते. दाराला कुलूप. नवरा-बायको दीड वर्षाच्या मुलीला घेऊन मळ्यात झेंडू तोडायला गेले होते आणि सासू फुले घेऊन अकोल्याच्या बाजारात. माझ्यासोबत त्याच गावची अंगणवाडी सेविका होती.

"साहेब, मळा दूर नाही. अर्ध्या घंट्यात जाऊन येतो," ती म्हणाली.

साडेपाच वाजले होते. सहाला तालुक्याला अहवाल द्यायचा होता. इतर पर्यवेक्षकांनी शून्य फुल्या कळवून टाकल्या होत्या.

"मुलीचे मागचे डोस?"

"सारे झाले. एकबी चुकला नाही."

मी रुमालाने फुली पुसली, ‘पी’ लिहिला, खाली तारीख घातली. तिला नोंदीत एक मूल वाढवायला सांगितले. तिने वाढवले. पुढच्या फेरीत आधी हेच घर घेऊ, असे मी म्हणालो. ती "हो साहेब" म्हणाली आणि डोसाची पेटी बंद करू लागली.

तीन आठवड्यांनी त्या मुलीला ताप आला आणि तिचा डावा पाय लुळा पडला.

मुलाला असा अचानक लुळेपणा आला की पोलिओचा संशय धरून तपास करावा लागतो. शौचाचे दोन नमुने एका दिवसाच्या अंतराने घेऊन, बर्फात ठेवून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवतात. डॉक्टरांबरोबर मी त्या घरी गेलो. सेविकाही होती. मुलगी आजीच्या मांडीवर होती. डॉक्टर तिचा पाय उचलून सोडत, तो ओल्या कापडासारखा खाली पडे.

"मागच्या फेरीत डोस मिळाला होता?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही," आई म्हणाली. "त्या रोजी आमी मळ्यात होतो."

"देल्ला हाये," बाप म्हणाला. "दारावर लिवलेलं हाये ना."

"मंग कोनाले देल्ला? दाराले?"

"सरकारी कागद खोटा अन् तू एकटी खरी?"

सासूने मुलीला छातीशी धरले. "इचं असंच हाये, डॉक्टरसाहेब. मळ्यात पोट्टी पाडली असन कुठं, अन् आता डोसावर ढकलून राहिली. म्हने कोनी आलंच नाही! मंग खडू घेऊन भूत आलं होतं काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "तुमच्या नोंदीत काय आहे?"

"दिलेला आहे," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिले. ती मला ओळखत नव्हती, त्यामुळे त्या नजरेत आरोप नव्हता. आपल्या बाजूने कोणीतरी बोलेल म्हणून ती खोलीतील एकेकाकडे पाहत होती. तिच्या नजरेच्या ओळीत मी तिसरा होतो.

अहवालाला काही आठवडे लागले. एका चुकलेल्या डोसाने, आधीचे सर्व डोस झालेले असताना, पोलिओ होण्याचा संभव फार थोडा, हे मला ठाऊक होते. तरी कार्यालयात नकाशा उघडला की माझे बोट त्या घरावर जाई. मी तो गुंडाळून कपाटावर ठेवला.

पोलिओचा विषाणू आढळला नाही, असे उत्तर आले. "वाचलो राजेहो!" म्हणत कोणीतरी टेबलावर हात मारला. चहा मागवला गेला. मीही प्यालो. तो चहा मला गोड लागला. एवढेच लिहितो.

साठ दिवसांनी पायाची पुन्हा तपासणी होते. सेविकेला सोबत घेऊन आम्ही गेलो तेव्हा मुलगी बाजेला धरून उजव्या पायावर उभी होती. डॉक्टरांनी तपासले. नसेचा आजार आहे, अकोल्याला नेऊन व्यायाम चालू ठेवा, फरक पडेल, असे सांगून ते जीपकडे गेले.

"पोलिओ नाही म्हनता, मंग पाय काहून टेकत नाही?" बापाने मला विचारले.

"इले पुसा," सासू सुनेकडे हात करून म्हणाली. "दोन महिने झाले, तोंड उघडून नाही राहिली. कुठं पाडली, सांग म्हना."

सून तेलाची वाटी घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

"ती खरे बोलत होती," मी म्हणालो. "त्या दिवशी मुलीला डोस मिळाला नव्हता. दारावरची खूण खोटी होती."

याच्या पुढचे वाक्यही मी तयार करून आणले होते. परंतु बाप तोवर सेविकेकडे वळला होता.

"काहून वं बाई? आमच्याच गावची होऊन असं करा लागते?"

"अन् इच्यापायी मी सुनेले नाही नाही ते बोलली!" सासू म्हणाली.

सेविकेने नोंदवही पिशवीत घातली. माझ्याकडे कोणीच पाहत नव्हते. खडू हाती घेणारा मी असेन, हे त्यांच्या मनातही येणार नव्हते. बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि मी उठलो.

सेविका जीपपर्यंत आली. मी म्हणालो, "मी वर कळवतो. तुमच्यावर काही येणार नाही."

"वर कायले सांगता साहेब? वर मले कोन वळखते?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी जीपनं निघून जासान. मले याच गल्लीत राहा लागते. आत्ता चाला, त्यायच्या घरात जाऊन सांगा."

"डॉक्टर थांबले आहेत," मी म्हणालो.

वरही मी काही कळवले नाही. पुढच्या फेरीत त्या घराने तिला दार उघडले नाही. शेजारच्या दोन घरांनीही उघडले नाही. त्या गल्लीसाठी दुसऱ्या गावची सेविका नेमावी लागली. तो बदल आराखड्यात मीच केला आणि कारणाच्या रकान्यात ‘स्थानिक अडचण’ असे लिहिले.