मागचा दीड फूट

दहा मार्च. ठरलेली मजुरी अकरा हजार. हजर मी, माझी पत्नी आणि जळगावचा तो वेल्डर, ज्याला मी बारा वर्षे नुसते 'मिस्तरी' म्हणतो. शिंदखेड्याच्या दुकानी लांब पाइप नेण्यासाठी आमच्या सात फुटी हौद्याच्या पिकअपवर नऊ फुटी सपाट बॉडी बसवायची होती.

"डोक्यापेक्षा टोपी मोठी!" पत्नी म्हणाली.

मिस्तरी न हसता चाक चाचपत राहिला. बोलण्याआधी चाकाला हात लावायची त्याची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट आवळून झाले, पण त्याने गाडीची चावी दिली नाही. शेजारच्या डाळमिलचे सहा हमाल बोलावून मागच्या टोकाला बसवले आणि पुढच्या टायरवरच्या फटीत बोटे घातली.

"चार बोटं व्हती, सहा व्हई गयी. भाऊ, पुढलं चाक हलकं शे. पाइप भरले का स्टीअरिंग तुमनं ऐकाव नही."

"मी हळू चालवीन."

"अक्का बी बठतस ना गाडीमा?"

मी पत्नीकडे पाहिले आणि चावीचा हट्ट सोडला. त्याने स्वतःच जोडलेली बॉडी मागून दीड फूट कापली आणि त्याच लोखंडाची, पाइप पुढे टेकवायला, केबिनच्या टपावर घोडी केली. हमाल पुन्हा बसले. फट साडेचार बोटे भरली. दोन दिवसांचे जमलेले काम इतक्या शांतपणे कापणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

वाढीव मजुरी त्याने घेतली नाही. "चूक मनी शे," म्हणत दोष स्वतःकडे घेतला.

त्याला अकरा हजारच दिले. वर साठ रुपये गेले, ते चहावाल्याला, सहा हमालांच्या चहाचे.