उन्हाळी मेणाचा थर

श्रीकांत गेल्यानंतर महिन्याभराने मी त्याच्या घरी मदत करायला म्हणून गेलो आणि पहिल्याच फटक्यात घोळ घातला. जर्मनीत, येना शहरातल्या त्यांच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत, त्याचा स्नोबोर्ड दोन स्टुलांवर पालथा ठेवलेला होता. तळावर मेणाचा जाड, पांढुरका थर. त्याच्या मुलीला, रेवाला, दुसऱ्या दिवशी तो डोंगरात न्यायचा होता. मी उत्साहाने प्लास्टिकची पट्टी उचलली आणि बोर्डाच्या नाकाकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, एक हात ओढली. मेणाच्या साली भुरभुरत खाली पडल्या, आणि दारातून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थांबा. तो त्यांनी लावलाय."

श्रीकांत माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, मेधाचा थोरला भाऊ. भिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर. चाळिशी उलटल्यावर जर्मन सहकाऱ्यांच्या नादाने बोर्डावर उभा राहिला. मलाही त्याने एकदा नेलं होतं. मी बराचसा डोंगर बसूनच उतरलो, तेव्हा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला की पुढच्या वेळी तुझ्या पँटला मेण लावू. घसरण्यापेक्षा त्याचा जीव या तळघरातच जास्त रमे. मेण इस्त्रीने वितळवत पसरायचं, इस्त्री फिरती ठेवायची, थांबली की तळ जळला... हे तो मला दरवेळी नव्याने सांगे. हिवाळा संपला की जाड थर द्यायचा आणि बोर्ड तसाच ठेवून द्यायचा, म्हणजे उन्हाळ्यात तळ कोरडा पडत नाही. बर्फ पडला की थर खरवडायचा. त्या वर्षीचा थर त्याने उन्हाळ्यातल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या गडबडीआधीच देऊन ठेवला होता. बर्फ पडायच्या आत ऑफिसच्या जिन्यात तो कोसळला. कोलोनला आमच्या घरी फोन मेधानेच घेतला, आणि बराच वेळ नुसतं "हो... हो" म्हणत राहिली.

वाकून पाहिलं तर मेणात इस्त्रीच्या फेऱ्या स्पष्ट दिसत होत्या, आणि कडेपाशी हात वळवल्याच्या गोल खुणा. वहिनींचं म्हणणं, बोर्ड असाच भिंतीला टांगून ठेवू, रेवाने भाड्याचा बोर्ड घ्यावा. रेवा म्हणत होती, भिंतीला टांगलात तर मी या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आई मराठीत, लेक जर्मनमध्ये, आणि दोघींचे आवाज चढायच्या ऐवजी खाली खाली येत चाललेले. मध्ये मी, हातात पट्टी धरून, गुन्ह्याच्या जागी सापडल्यासारखा. पट्टी खाली ठेवावी तर कुणाची बाजू घेतल्यासारखं होईल, हेही कळेना.

मग रेवा मराठीत बोलली. थांबत, शब्द शोधत.

"आई, बाबांनी ते... काढायलाच लावलंय ना."

वहिनींनी माझ्या हातातली पट्टी काढून घेतली, मी जिथे सोडलं होतं तिथे टेकवली, आणि रेवाला विचारलं, "किती दाबायचं?" रेवाने त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले. शेपटापर्यंत दोघी एकदाही थांबल्या नाहीत. खालून काळाभोर, चकचकीत तळ निघाला. त्यावर आता कुणाचीच खूण नव्हती.

परतताना गाडीत मी मेधाला हे सगळं रंगवून सांगितलं. ती तेव्हा वर स्वयंपाकघरात आमच्यासाठी पोळ्या बांधत होती. तिने ऐकून घेतलं. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा म्हणाली, "खरवडायच्या आधी मला एक हाक मारायचीत. माझा भाऊ होता तो."