जपानी हाय

सायकलच्या चेनला ग्रीस लावताना तो वास आला, की अजून माझा जीव गुदमरतो. रोह्याच्या एका कंपनीत मी माल चढवायला होतो, तेव्हा मालाच्या लिफ्टमधे मी आणि पाहुणा आलेला एक जपानी साहेब अधांतरी अडकलो. पंखा बंद, आत ग्रीसचा वास आणि अंगाला घामाच्या धारा. मी घाबरून ईचारलं, "साहेब, बाहेर कुणाला म्हायती हाय?" साहेब मान वाकवून बोलला, "हाय." मला वाटलं, चला, आपली भाषा शिकून आलाय! "मग सोडवायला कोन येनार हाय ना?" "हाय, हाय!" आणि हात माझ्या पाठीकडं केला. टेकून उभा रहा म्हनतोय, असं समजून मी भिंतीला निवांत टेकलो. कोन येईना. शेवटी ओरडलो, "अरे, येडा हाय का तू?" "हाय," म्हनून त्यानं मान वाकवली आणि मला धरून बाजूला सारलं. माझ्या पाठीमागं घंटेचं लाल बटन होतं. इतका वेळ तेच झाकून मी मदतीची वाट बघत होतो. साहेबानं ते दाबलं. बाहेर काढल्यावर मी सगळं सांगितलं, तसा सुपरवायझर पोट धरून हसला, "येड्या, त्यांच्यात हाय म्हंजे 'ऐकतोय, बोला' एवढंच!" आता बायको ईचारते, "अवो, मी काय सांगितलं ते ध्यानात हाय ना?" मी मान वाकवून बोलतो, "हाय." कुठल्या भाषेतला, ते सांगत नाय.