राणीच्या गालावरचा डाग

पॅरिसच्या त्या शिळाप्रेसमध्ये इसिदोर मास्तरांइतकं कडक सोवळं कुणी पाळत नसे. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. जिथे तेलकटपणा तिथेच शाई धरते, मग तो खडूचा असो की कुणाच्या अंगठ्याचा. डाग आधी दिसत नाही, शाई लागली की गावभर बोंब मारतो. म्हणून मास्तर डोक्याला फडकं बांधून चित्र काढत आणि शिंक आली की दाराबाहेर पळत. लोणी लावलेला पाव घेऊन कुणी दगडाजवळ फिरकला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. पन्नाशी उलटली तरी मास्तरांचं लग्न नव्हतं. छापणारा गास्पार म्हणे, "बायको केली तरी आधी साबणानं घासून घेतील."

त्या हिवाळ्यात एक नाटक गाजत होतं. शेवटच्या अंकात राणी तुरुंगाच्या खिडकीशी उभी राहून मरणाच्या पहाटेची वाट बघते आणि सगळं थिएटर रुमाल काढतं. प्रेसच्या मालकांना त्या प्रसंगाचं चित्र नाटक उतरायच्या आत दुकानाच्या काचेत हवं होतं. नटीला चित्रासाठी उभं राहायला फुरसत नव्हती. मास्तरांनी शेजारच्या इस्त्रीवाल्या विधवेला, ओनोरीनबाईंना, गळ घातली. बाई गिऱ्हाइकाची चादर गुंडाळून राणी झाल्या.

"मादाम, जरा दुःखी दिसा."

"मस्यू इसिदोर, तिकडे माझ्या इस्त्र्या गार होताहेत. याहून दुःखी कशी दिसू?"

मास्तरांचं या बाईंवर कित्येक वर्षं प्रेम होतं. न मळलेल्या कॉलरीही ते त्यांच्याकडे इस्त्रीला टाकत. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं; बाईंना सांगायची हिंमत तेवढी नव्हती.

पहिला छाप निघायचा त्या दिवशी बाई मुद्दाम बघायला आल्या. गास्पारनं रूळ फिरवला, कागद दाबून उचलला. खिडकी आली, मोकळे केस आले, झुकलेली मान आली. आणि राणीच्या गालावर दोन ओठ आले, काळेभोर.

मालक भडकले. "गास्पार, हे चाळे तुझेच. उद्यापासून येऊ नकोस."

"मालक, मी दगडाचा मुका कशाला घेऊ? घरी बायको आहे मला," गास्पार म्हणाला. पण त्याची ख्यातीच अशी, की कुणाचा विश्वास बसेना. तो टोपी शोधू लागला.

मास्तरांचे कान तापले. गप्प बसलं तर अब्रू राहत होती, आणि गास्पारची चूल विझत होती.

"ते ओठ माझे आहेत," ते म्हणाले.

"तुमचे?"

"चित्र पुरं झालं. मादाम पुन्हा उभ्या राहायला येणार नव्हत्या. मला राहवलं नाही."

"आणि आम्हाला लोणीबंदी," गास्पार पुटपुटला.

ओनोरीनबाईंनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "मी इथे थंडीत कुडकुडत समोर उभी होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दगडाला सांगितलंत. मला विचारलं असतंत तर मी काही नाही म्हणाले नसते."

मास्तर एक पाऊल पुढे आले. "मग... आता विचारू?"

"विचारा की. गास्पारसाठी एवढा धीर केलात, आता जरा स्वतःसाठी करा."